हळू लावलेलं दार

भूमला बदली झाली तेव्हा मी खोली बघायला आप्पांच्या घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी आप्पा मला बघायला परंड्याला गेले. मी परंड्यात नव्हतो. मी भूमच्याच एका लॉजवर पिशवी उशाला घेऊन पडलो होतो. परंड्यात होते माझे आधीचे घरमालक. आप्पा एसटीनं त्यांच्याकडे गेले, चहा घेतला, मी राहत होतो ती खोली उघडायला लावली, दाराची कडी वरखाली करून बघितली, बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं आणि संध्याकाळी परत येऊन मला म्हणाले, "या राहायला. दाराला काय केलेलं न्हाय तुमी."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. ते थट्टा करत नसत, हे मला पुढे हळूहळू कळलं. जे बोलत ते त्यांना खरोखरच म्हणायचं असे, आणि त्यामुळं त्यांच्याशी बोलणं फार अवघड जाई.

खोली देताना त्यांनी आणखी एकच गोष्ट विचारली. "चारचाकी येती का चालवायला?"

मी म्हणालो, येते. गावाकडं मामाच्या जीपवर शिकलोय, लायसनही आहे.

"बरं," म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी तालुक्याच्या कचेरीतला साधा कारकून. माझ्याकडे एक मोटारसायकल, तीही सकाळी दहा लाथा खाल्ल्याशिवाय न उठणारी. चारचाकीचा प्रश्न मला उगाचच वाटला आणि मी तो विसरून गेलो.

आप्पा तेव्हा सत्तरीला टेकले असतील. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कपाळावर भस्माचे पट्टे. पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते आता पुतण्या बघत असे. मूलबाळ नव्हतं. घरात आप्पा आणि काकू, आणि मागच्या खोलीत मी.

भांड्यांच्या दुकानात मोड घ्यायची पद्धत असते. बायका जुनी तांब्यापितळेची भांडी घेऊन येतात, दुकानदार ती मोडीत घेतो आणि त्या बदल्यात नवी देतो. आप्पांना या धंद्याचा पहिला अर्धा भाग फार आवडायचा. नवी घागर ते दुसरीकडे बघत विकायचे. पण जुनी घागर समोर आली की ती मांडीवर घ्यायचे, अंगठ्यानं तिचे पोचे चाचपायचे आणि समोरच्या बाईला विचारायचे, "घरात आदळआपट कोण करतं? सासू का सून?" काही बायका हसायच्या. काही घागर उचलून शेजारच्या दुकानात जायच्या. पुतण्यानं दुकान हातात घेतलं त्याला हेच कारण होतं, असं पेठेत सगळे म्हणत. आप्पाही तसंच म्हणत.

नव्या वस्तूवर त्यांचा विश्वासच नव्हता. "नवी वस्तू म्हंजी अनोळखी पाव्हणा. खोड काय हाय ते सांगत न्हाय. जुन्या वस्तूनं खोड दाखवलेली असती. मंग तिच्यासंगं राहता येतंय." त्यामुळं घरातलं सगळं कुणाचं तरी वापरलेलं होतं. पंखा एका लॉजचा. ओसरीवरच्या खुर्च्या बंद पडलेल्या थिएटरच्या, एकमेकींना जोडलेल्या. एकजण उठला की बाकीचे वर उडायचे. भिंतीवरचं घड्याळ एका जुन्या कचेरीचं होतं. ते वेळ बरोबर दाखवायचं, फक्त रविवारी बंद पडायचं. मी एकदा म्हणालो, आप्पा, दुरुस्त करून आणू का? ते म्हणाले, "सुट्टीची सवय हाय त्याला. ऱ्हाऊ द्या."

आणि आदळणं त्यांना अजिबात खपत नसे. मोठ्यानं बोलणं, ताट आपटून ठेवणं, दार धाडकन लावणं, यांतलं काहीही घडलं की ते त्या वस्तूकडे असं बघायचे, की जणू तिची माफी मागतायत. स्वतः दार लावायचे ते इतक्या हळू, की ते लागायचंच नाही. दार लोटून ते पुढे जायचे, मागून दार पुन्हा उघडायचं, त्यातून मांजर आत यायचं, आणि मग काकू उठून दार नीट लावून घ्यायच्या. माझ्या खोलीपर्यंत दिवसभर हा क्रम ऐकू येई. आप्पांच्या चपला, मग शांतता, मग काकूंची पावलं, मग कडी.

काकूंची पावलं जड पडत. गुडघे गेलेले. घरात भिंतीला धरून फिरायच्या, अंगणापर्यंत यायच्या, त्यापलीकडे नाही. त्यांचं माहेर बेंबळी. आमच्याकडे नागपंचमीला बायका माहेरी जातात. भाऊ मूळ येतो, म्हणजे बहिणीला घेऊन जायला येतो, घरी झोके बांधतात, फेर धरतात, ज्वारीच्या लाह्या असतात. काकूंचा भाऊ वर्षानुवर्षं मूळ आला. मग तोही म्हातारा झाला आणि ओट्यावर बसला. तेव्हापासून काकू आप्पांबरोबर एसटीनं जाऊ लागल्या.

मी राहायला जाण्याच्या आधीच्या वर्षी, पंचमीच्या आदल्या दिवशी, ती दोघं भूमच्या स्टँडवर गेली होती. गाडीला ही गर्दी. काकूंनी एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा उचलेचना. मागून लोक रेटतायत, कंडक्टर म्हणतोय, "मावशी, चढा की, नसंल चढायचं तं बाजूला व्हा." काकू बाजूला झाल्या. पिशवी घेऊन दोघं घरी आली. त्या वर्षी लाह्यांचा डबा कंडक्टरकडं दिला. डबा बेंबळीला पोचला. हे मला काकूंनीच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "डब्याला काय, गुडघे नसतेत."

त्या दिवशी स्टँडवरून घरी आल्यावर आप्पा म्हणाले होते, "गाडी घ्यायची. लहान. कमी खाणारी. जुनी."

भाड्याची गाडी करून जा, असं त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. काकूंनाच ते नको होतं. "भाड्याचा माणूस दारात हॉर्न वाजवीत बसतंय. माहेरी जाऊन बी घड्याळ बघायचं का?"

तर गाडी घ्यायची ठरली होती आणि आप्पा बघत होते. मी आल्यावर मलाही बरोबर नेऊ लागले. जुनी गाडी बघायला माणूस जातो तेव्हा काय करतो? बॉनेट उघडतो, खाली वाकून तेल गळतंय का बघतो, टायरला लाथ मारतो, एका लिटरला किती जाते ते विचारतो, चक्कर मारून बघतो. आप्पा यातलं काहीच करत नसत. ते गाडीकडे पाठ करून बसायचे आणि गाडीच्या मालकाकडे बघायचे.

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेलो ते धाराशिवला, एका डॉक्टरांकडे. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात 'डॉक्टर वापर' या शब्दांना फार वजन. डॉक्टर घरून दवाखान्यात जातो, दवाखान्यातून घरी येतो, सर्व्हिसिंग चुकवत नाही, अशी समजूत. गाडी लहान, पांढरी, काचेसारखी स्वच्छ. मी बॉनेट उघडून आत बघत होतो, म्हणजे बघितल्यासारखं करत होतो. आप्पा दवाखान्यात जाऊन पेशंटच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "चला."

"का? काय झालं?"

"ते डाक्टर दार पायानं लावतंय."

"पायानं?"

"पायानं. धाडकन. गाडीचं बी तसंच लावत असल."

मी बसमध्ये त्यांच्याशी वाद घातला. अहो, दाराचा आणि इंजिनाचा काय संबंध? आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घागरीला पोचा बुडाला असू द्या न्हायतर काठाला, वाजती सगळीच घागर." मी गप्प बसलो. पटलं म्हणून नाही, तिकीट काढायचं होतं म्हणून.

दुसरी गाडी ईटला. मालकाचा खव्याचा धंदा. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. सीटवर अजून कंपनीचं प्लास्टिक. त्यानं रुमालानं हँडल धरून दार उघडलं, रुमालानंच हळूच लावलं. मला वाटलं, जमलं. दाराच्या परीक्षेत हा माणूस पहिला येणार.

आप्पांनी विचारलं, "हिच्यात कोण कोण बसतंय?"

"कोण न्हाय. घाण होती."

"आई हाय का घरात?"

"हाय की."

"ती कशानं जाती कुठं जायचं म्हणलं तर?"

"यस्टीनं. निम्मं तिकीट हाय की म्हाताऱ्यांला."

चहा आला होता. आप्पा चहा तसाच ठेवून उठले. ते चहा सोडून उठले, असं मी एवढं एकदाच बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "ज्यानं आईला बसवलं न्हाय, त्याच्या गाडीत म्या हिला बसवू?"

बार्शीकडच्या एका गाडीचा मालक त्यांना मनापासून आवडला, पण गाडी मोठी निघाली. "मोठ्या गाडीत माणसं लांब लांब बसत्यात. मंग बोलायला वरडावं लागतंय." तीही गेली.

असे आम्ही घरी आलो, की काकू गाडीबद्दल काही विचारत नसत. फक्त म्हणत, "च्या पिलाव का तिथं?" आप्पांनी पिलो म्हटलं की थोडी आशा, न्हाय म्हटलं की विषय संपला. बाकी त्या कधी काही बोलल्या नाहीत. दुसरी पंचमी आली. काकूंनी लाह्या फोडल्या, डबा भरला आणि तो घेऊन मी स्टँडवर गेलो. परत आलो तर त्या थिएटरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हाताला मेंदी लावून. कुठं जायचं नव्हतं आणि मेंदी लावली होती. मला ते बघवलं नाही.

त्या दिवशी मी आप्पांवर चिडलो. म्हणालो, "आप्पा, काकूंना बेंबळीला पोचायचंय आणि तुम्ही गावोगाव लोकांची दारं बघत फिरताय. कुठलीही गाडी घ्या. चार चाकं असली म्हणजे झालं."

आप्पा म्हणाले, "ती त्या पायरीवरनं माघारी आली, तवा मागनं येक जण हसला. म्या तिथंच होतो. तिनं बी ऐकलं." आणि थोड्या वेळानं, "आता जिच्यातनं तिला उतरावं लागंल, अशी गाडी आणायची न्हाय मला."

माझी काळजी मात्र वाढली. ते असा माणूस शोधत होते, की तो सापडेपर्यंत काकूंना अंगणापर्यंतही येता आलं नसतं.

तो सापडला पुढच्या आषाढात, तुळजापूरला. निवृत्त शिक्षक, एकटेच राहणारे. पत्नी वारलेली, मुलगा पुण्यात. नजर कमी झाली म्हणून गाडी विकायची होती. आम्ही त्यांना गुरुजी म्हणू लागलो. गाडी लहान, आकाशी रंगाची. म्हणजे आकाशी ती पूर्वी असावी. गुरुजींनी दार उघडून आतलं दाखवलं आणि परत लावलं. लावलं ते असं: दार हळूच ओढून चौकटीला टेकवलं आणि मग त्यावर तळहात ठेवून दाबलं. टक्, एवढाच आवाज झाला.

आप्पा म्हणाले, "परत लावा."

"काय?"

"दार. परत लावा."

गुरुजींनी पुन्हा लावलं. पुन्हा तेवढाच आवाज. आप्पांनी डोळे मिटून तो ऐकला आणि म्हणाले, "घेतली."

मी म्हणालो, "आप्पा, चालू तरी करून बघू."

"कशाला?"

पण गुरुजी म्हणाले, "थांबा. तुम्ही घेतलीत, मी अजून दिली नाही. आता तुम्ही लावा बघू."

आप्पांनी दार उघडलं आणि त्यांच्या पद्धतीनं लावलं. ते लागलं नाही. गुरुजींनी जवळ जाऊन, डोळे बारीक करून फटीत बघितलं. "हे लागलेलं नाही."

आप्पांनी पुन्हा लावलं. पुन्हा नाही.

"तुम्हाला दार लावता येत नाही," गुरुजी म्हणाले.

"म्या आदळत न्हाय."

"आदळू नका. पण लावा तरी! वाटेत उघडलं आणि कुणी खाली पडलं म्हणजे? आमची ही इतकी वर्षं या गाडीत बसली, एकदा कधी दार उघडं राहू दिलं नाही मी." त्यांचा आवाज चढला होता. "मी तुम्हाला गाडी देणार नाही. राग मानू नका."

आयुष्यभर लोकांना नापसंत करत आलेले आप्पा त्या दिवशी नापसंत झाले. परतीच्या बसमध्ये मला वाटलं, आता हे खचले. पण येरमाळ्याच्या पुढे आल्यावर ते अगदी समाधानानं म्हणाले, "माणूस लई चांगला हाय. बरोबर केलं त्यांनी."

घरी काकूंनी विचारलं, "च्या पिलाव का?"

"पिलो."

"मंग?"

"त्यांनी मला न्हाय म्हणलं. दार लावता येत न्हाय म्हणं मला."

काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. खुर्चीवर बसून इतक्या हसल्या, की जोडलेल्या सगळ्या खुर्च्या हलायला लागल्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "त्यांला फोन लावा."

मी लावून दिला. काकूंनी फोन दोन्ही हातांत धरला.

"गुर्जी, म्या भूमहून बोलती. सकाळी आलते त्यांच्या घरातनं. तुमी म्हणलाव ते खरं हाय. ह्यांला दार लावता येत न्हाय. लगीन झाल्यापासनं ह्यांच्या मागनं दारं म्याच लावती. गाडीचं बी म्याच बघीन. निघायच्या आधी दर बारीला इचारीन, दार लावलं का वो. लावल्याबगर चाक हलू द्यायची न्हाय. माझी जिम्मेदारी."

पलीकडून काही तरी विचारलं गेलं.

"न्हाय इसरायची," काकू म्हणाल्या. आणि मग, "शब्द हाय माझा."

गाडी आमची झाली.

किल्ली घ्यायला मी आणि आप्पा गेलो. गुरुजींनी गाडीला हळदकुंकू लावून ठेवलं होतं. नव्या गाडीची पूजा सगळे करतात. जाणाऱ्या गाडीची मी पहिल्यांदाच बघितली. किल्ली त्यांनी आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, मागचं दार उघडून आत बसले आणि हात मांडीवर ठेवून समोर बघू लागले. मी बाहेर. गुरुजी बाहेर.

"चालवणार कोण?" गुरुजींनी विचारलं.

"हे हायत की," आप्पा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"मला न्हाय येत. भ्या वाटतं मला. माझ्या हातानं कशावर तरी आदळंल." मग मला म्हणाले, "खोली देताना इचारलं न्हवं का तुमाला?"

इतके दिवस मी समजत होतो, की परंड्याच्या दारानं मला खोली मिळवून दिली.

तुळजापूर ते भूम या प्रवासात मला गाडी समजत गेली. पेट्रोलचा काटा कायम निम्म्यावर. डाव्या बाजूची काच खाली जायची, वर यायची नाही. हॉर्न वाजवला की वायपर हलायचा. ॲव्हरेज मात्र उत्तम निघालं, कारण वाटेत बराच वेळ ती उभी असायची. वर्ष-दोन वर्षं आप्पांनी मालक पारखण्यात घालवली; गाडी कशी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी काकू इरकल नेसून बाहेर आल्या. दोन्ही हातांना मेंदी. गाडी ठेंगणी, त्या पुढच्या सीटवर पाठमोऱ्या बसल्या, मग एकेक पाय उचलून आत घेतला. कुणाचा हात धरला नाही. आप्पा लाह्यांचा डबा आणि खव्याचं पुडकं घेऊन मागे बसले. मी किल्ली फिरवणार तेवढ्यात काकू मागे वळल्या.

"दार लावलं का वो?"

"लावलं," आप्पा म्हणाले.

ते लागलेलं नव्हतं. मी उतरलो, लावलं, परत येऊन बसलो. पुढं वर्षानुवर्षं हेच चालत आलं. काकू विचारणार, आप्पा लावलं म्हणणार, मी उतरणार. आप्पा खोटं बोलत होते असं नाही. त्यांच्या मते दार लागलेलं असायचं.

धाराशिवच्या अलीकडच्या चढावर गाडीतून वाफ निघायला लागली. मी बाजूला घेतली. आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी गुरुजींना फोन लावायला सांगितला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "चढाला असंच करते ती. जरा उभी राहू द्या, गार झाली की पाणी घाला."

"आधी न्हाय सांगितलाव," आप्पा म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत. बॉनेट उघडलं असतंत तर सांगितलं असतं."

आप्पा रस्त्याच्या कडेला उभे राहिले, बॉनेटकडे पाठ करून. मी पाणी शोधायला निघालो तर काकूंनी पायाशी ठेवलेला पाण्याचा कॅन मला दिला. म्हणजे गाडीबद्दल घरात कुणाला तरी शंका होती. त्या स्वतः मात्र गाडीतून उतरल्या नाहीत. लाह्यांचा डबा मांडीवर घेऊन एकेक लाही तोंडात टाकत बसून राहिल्या. आप्पांनी खिडकीशी येऊन विचारलं, "उतरतीस का? सावलीला बसतीस का?" त्या म्हणाल्या, "मी न्हाय उतरत. आता बेंबळीतच उतरीन."

बेंबळीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. भाऊ ओट्यावर काठी धरून बसला होता. गाडी थांबली, काकूंनी दार उघडलं, एकेक पाय बाहेर ठेवला आणि उभ्या राहिल्या. भावाला आधी ओळखूच येईना. मग त्यानं विचारलं, "मूळ कोण गेलतं गं?"

"कोण न्हाय," काकू म्हणाल्या. "माझी मीच आले." आणि मग दोघंही रडायला लागली, मोठ्यानं, आणि आप्पांना त्या दिवशी तो आवाजही खपला. ते गाडीपाशी उभे राहून मागचं दार लावत होते. ते काही लागत नव्हतं.

त्यानंतर पंचमी चुकली नाही. माझं लग्न झालं, बदली धाराशिवला झाली, तरी त्या दिवशी मी भूमला यायचो. बदली झाली तेव्हा आप्पा माझं नवं घर बघून गेले, घरमालकाला न विचारता त्यानं सगळी दारं कशी लावलीत ते पाहिलं आणि मला म्हणाले, "ऱ्हावा, पण पुढच्या खोलीत झोपू नगा." कारण सांगितलं नाही. मी अजून पुढच्या खोलीत झोपत नाही.

दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले. झोपेतच गेले, आवाज न करता. मला सकाळी पुतण्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा ओसरी भरलेली होती, थिएटरच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती आणि कुणी उठलं की बाकीचे वर उडत होते. मला एकदम हसू आलं आणि ते कुणाला सांगावं, असा माणूसच आता नव्हता. त्यांच्यासारखा दुसरा माणूस मला भेटला नाही, आणि भेटेल असं वाटत नाही.

गाडी दारात उभी राहिली. पुतण्याला ती नको होती. गिऱ्हाइकं आली. काकू ओसरीवर बसून प्रत्येकाला म्हणत, "दार लावून बघा की जरा." आणि ऐकत. एकेकाला चहा न देता परत पाठवलं. शेवटी मी म्हणालो, काकू, मी घेऊ का? त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्या बायकोला फोन केला. "हे रागात दार कसं लावतेत गं?" बायको खरं तेच बोलली. म्हणाली, "रागात असले की उघडंच टाकून जातात." काकू म्हणाल्या, "मंग चालंल."

अट एकच होती. पंचमीला यायचं.

मी रेडिएटर बदलून घेतला. काच दुरुस्त केली. काट्याचं आणि हॉर्नचं तसंच ठेवलं. आणि पंचमीच्या आदल्या दिवशी भूमला गेलो. काकू तयार होत्या. मेंदी नव्हती, पण लाह्यांचा डबा होता. पाठमोऱ्या बसल्या, एकेक पाय आत घेतला. आता वेळ जास्त लागला. डबा आणि खवा मी मागच्या सीटवर ठेवला, दार लावलं, पुढे येऊन बसलो, किल्लीला हात घातला.

काकू मागे वळल्या.

"दार लावलं का वो?"

मागे डबा होता आणि खव्याचं पुडकं होतं. काकू तशाच मागे वळून बघत राहिल्या. मी उतरलो, मागे गेलो, लागलेलं दार उघडलं आणि हळूच लोटलं, आप्पा लोटायचे तसं. ते लागलं नाही. मग त्यावर तळहात ठेवून दाबलं. परत येऊन बसलो.

"लावलं," मी म्हणालो.

काकूंनी तोंड समोर केलं. "मंग चला," त्या म्हणाल्या.